गुन्ह्याची गाणी आणि पोलिसांचे पुस्तक

श्रोतेहो, एखाद्या गावात अंगावर काटा आणणारा गुन्हा घडला की पुढच्या चार दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते : 'हे सगळे सिनेमाने केले.' एके काळी हेच वाक्य तमाशाला उद्देशून बोलले जाई. पुढे ते नाटकाला, मग कादंबरीला, मग चित्रपटाला उद्देशून बोलले गेले. आज ते हातातल्या मोबाईलला उद्देशून बोलले जाते. वाक्य तेच राहते, आरोपी तेवढा बदलतो. गुन्ह्याचे वर्णन ऐकून, वाचून अथवा पाहून माणूस गुन्हा करावयास प्रवृत्त होतो काय, हा प्रश्न म्हणूनच आजचा नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या आपल्या टापूने तो निदान दोनशे वर्षे पाहिलेला आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयास आपणांस फार दूर जावे लागत नाही.

बेळगावच्या पूर्वेस बैलहोंगल हे कापसाच्या व्यापाराचे गाव आहे. या गावच्या परिसरात घडलेल्या म्हणून मानल्या जाणाऱ्या एका खुनावर कानडी मुलखात 'संग्या-बाळ्या' नावाचा सण्णाट रात्ररात्र चालत आलेला आहे. सण्णाट म्हणजे आपल्या तमाशाचा सख्खा भाऊ. संग्या हा तरुण. ईऱ्या या व्यापाऱ्याच्या बायकोवर, गंगीवर, त्याचे मन बसते. नवरा व्यापारासाठी परगावी जातो. परतल्यावर त्याला सारे कळते आणि संग्या मारला जातो. एवढीच ही कथा. जॉन फेथफुल फ्लीट हे नाव आपण शिलालेखांच्या संदर्भात ऐकतो. हे गृहस्थ बेळगावात शिक्षणखात्याचे अधिकारी होते आणि पुढे कोल्हापूर व दक्षिण महाराष्ट्राच्या पोलिटिकल एजंटाचे साहाय्यक झाले. ताम्रपटांबरोबर त्यांनी या भागातील कानडी लावण्याही उतरवून घेतल्या आणि १८८५ पासून 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात त्या इंग्रजी भाषांतरासह छापल्या. त्यांत संग्याची लावणी आहे. फ्लीटसाहेबांनी तिला दिलेले शीर्षक मोठे विचार करण्याजोगे आहे : 'संग्याचा गुन्हा आणि मृत्यू.' ज्याचा खून झाला त्याचे कृत्य तो गुन्हा, आणि ज्यांनी खून केला त्यांचे कृत्य तो केवळ मृत्यू ! कायद्याच्या पुस्तकात खून हाही गुन्हाच होता, आणि शीर्षक देणारा मनुष्य कायद्याच्याच राज्याचा अधिकारी होता. पण गाणे ऐकताना त्यालाही गाण्याचाच निवाडा उचलावासा वाटला.

माझ्या मते या विषयातील खरी गोम येथे आहे. आपल्या मराठीत माणूस मारण्याला एक शब्द नाही. खून होतो, हत्या होते, वध होतो, बळी दिला जातो. कृत्य एकच, शब्द बदलला की पापाचे पुण्य होते आणि पुण्याचे पाप. गुन्ह्याचे वर्णन करणारा शाहीर, नाटककार, बातमीदार प्रथम या शब्दांतून एक निवडतो, आणि श्रोत्याच्या मनावर जो काय परिणाम व्हावयाचा तो बहुतांशी या निवडीनेच होतो.

फ्लीटच्या संग्रहात संगोळ्ळी रायण्णाचीही लावणी आहे. कित्तूर संस्थान बुडाल्यावर बंड उभारणाऱ्या या माणसाला १८३१ साली खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आले. पुढल्याच वर्षी पुण्यास उमाजी नाईक फासावर गेला. सरकारी कागदांत या काळी बंडखोर आणि दरोडेखोर यांच्यामधली रेघ फार पुसट आहे; कित्येकदा ती नाहीच. लावणीत मात्र ती ठळक आहे. नंदगडला ज्या वडाखाली रायण्णाचे दफन झाले असे सांगतात, त्या वडाला बायका आजही पाळणे बांधतात. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी १८५७ साली हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला, गाव जाळले गेले, अनेक जण फासावर गेले. त्यांचेही गाणे झाले. जत भागातील सिंदूरचा लक्ष्मण १९२२ साली मारला गेला. सरकारदप्तरी तो दरोडेखोर होता, आणि नाटक कंपन्यांच्या जाहिरातीत तो 'वीर' झाला. सिंदूर आज महाराष्ट्रात आहे आणि लक्ष्मणाची नाटके कर्नाटकात गाजली. सीमा आखणाऱ्यांना ही गोष्ट अवघड वाटली तरी गाणी म्हणणाऱ्यांना कधी वाटली नाही.

आता, ही गाणी ऐकून किती जण दरोडेखोर झाले ? हलगलीच्या लोकांनी हत्यार उचलले ते कोणाचे गाणे ऐकून नव्हे. त्यांचे हत्यार काढून घेण्याचा हुकूम निघाला म्हणून. गाणे त्यानंतर आले. आपल्याकडच्या बहुतेक प्रकरणांत हाच क्रम दिसतो.

तरीही राज्यकर्त्यांना हा क्रम उलटा दिसतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी वृत्तपत्राच्या इतिहासातच आहे. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आला. अफझलखानाचा वध हे पाप होते काय, याचा ऊहापोह त्यात होता. अवघ्या एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. टिळकांवरील खटल्यात खुनाचा आरोप नव्हता, आरोप राजद्रोहाचा होता. पण त्या एका आठवड्याचे अंतर न्यायालयात बसलेला कोणीही विसरू शकत नव्हता. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वास्तविक प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोल्जर घरोघर शिरत होते. चाफेकर बंधूंना राग येण्यास लेख वाचण्याची आवश्यकता नव्हती. सोल्जर त्यांच्याच शहरात होते. परंतु प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. राग लेखातून आला नसला तरी रागाला 'वध' हा शब्द सार्वजनिक चर्चेत उपलब्ध झालेला होता. शब्द बंदूक भरीत नाही हे खरे. पण भरलेल्या बंदुकीचे नाव तो ठरवितो, आणि नाव ठरले की हात कमी कापतो.

याहून चमत्कारिक गोष्ट नाशिकची. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कशाबद्दल ? कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल. कविता वाचून लोक खून करतील, ही भीती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे याने गोळ्या घातल्या. आणि ज्या कारणांचा बदला म्हणून हे कृत्य झाले त्यांत बाबारावांना झालेली ती शिक्षा अग्रभागी होती. म्हणजे कवितेने खून घडविला असे म्हणावयाचे असेल, तर कवितेला दिलेल्या शिक्षेने तो घडविला असे आधी म्हणावे लागेल.

आणि त्या रात्री रंगभूमीवर कोणते नाटक होते ? देवलांचे 'शारदा'. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी यांच्या विवाहावरचे, डोळ्यांत पाणी आणणारे सामाजिक नाटक. त्यात कोणी कोणाला मारीत नाही. उलट सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ पासून हाऊसफुल्ल चालले होते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, भीम म्हणजे जहाल आणि संयम पाळणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, हे पिटातला प्रेक्षकही जाणत होता. रंगमंचावर कीचक रोज मारला जात होता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जात होते. पण जॅक्सनच्या खुनानंतर बंदी आली ती 'कीचकवधा'वर, १९१० साली. 'शारदे'वर बंदी आली नाही, ती यावी असेही माझे म्हणणे नाही; परंतु नाटक आणि गुन्हा यांचा संबंध स्थळकाळाच्या निकटतेने मोजावयाचा म्हटले, तर त्या रात्रीच्या नाटकाकडे कोणी बोटही दाखवू नये याचा अर्थ काय ? अर्थ असा की, सरकारला गुन्ह्याच्या कारणाचा शोध नको होता. त्याला 'वध' हा शब्द नको होता.

यानंतर प्रकरण आपल्या बेळगावास येते. एप्रिल १९१६ च्या अखेरीस येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली, आणि २८ एप्रिलला होमरूल लीगची स्थापना झाली. लगोलग १ मे रोजी टिळकांचे बेळगावात मराठीतून भाषण झाले. महिनाभराने अहमदनगरला आणखी दोन झाली. या तीन भाषणांवरून सरकारने त्यांच्यावर कारवाई केली, पण या खेपेस खटला राजद्रोहाचा नव्हता. फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचे कलम १०८ लावण्यात आले. या कलमाखाली मनुष्याला गुन्ह्याबद्दल शिक्षा होत नसे. त्याने राजद्रोही मजकूर पसरविला, सबब चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा, एवढेच म्हणावे लागे. टिळकांच्या साठीच्या दिवशी, २३ जुलैला, त्यांना नोटीस मिळाली. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, असा मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण हे समग्र वाचले पाहिजे, सुटी वाक्ये वेचून त्यावर निवाडा करता येत नाही, हे या निकालातील तत्त्व आहे. बेळगावात उच्चारलेल्या मराठी शब्दांमुळे हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे मांडले गेले, याचा आपल्या गावास फारसा अभिमान वाटत असल्याचे दिसत नाही. लीगच्या स्थापनेचे स्मरण होते, निकालाचे होत नाही.

पुढे हाच प्रश्न पडद्यावर आला. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. तेथे बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला, आणि त्यात पुन्हा तोच कीचक, तोच भीम. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब साधले होते की प्रेक्षक हादरले, आणि १९१८ च्या कायद्याने नुकत्याच अस्तित्वात आलेल्या सेन्सॉरने त्या दृश्यावर आक्षेप घेतला. तेव्हापासून आजतागायत चित्रपटाची वेगळी चौकी आहे. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. चित्रपट भावनांना इतर कलांपेक्षा अधिक खोलवर हलवितो, हे त्याचे कारण. १९८९ च्या रंगराजन निकालात त्याच न्यायालयाने दुसरे टोक बांधून दिले : अभिव्यक्ती आणि धोका यांचा संबंध दारूच्या पिंपातील ठिणगीइतका जवळचा असला पाहिजे, लांबचा तर्क उपयोगाचा नाही. १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र एक व्यवहारी अट आहे. गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये.

ही अट मला सर्वांत समंजस वाटते, कारण अनुकरणाचा जो भाग निर्विवाद दिसतो तो पद्धतीचा आहे. गाब्रिएल तार्द या फ्रेंच न्यायाधीशाने १८९० साली अनुकरणाचे नियम मांडले. वृत्तपत्रे आणि तारायंत्र यांच्या वाटेने गुन्ह्याच्या तऱ्हा एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात, हे त्याचे निरीक्षण होते. अमेरिकेत नोव्हेंबर १९७१ मध्ये एका इसमाने विमान वेठीस धरून दोन लाख डॉलर घेतले आणि हवाई छत्रीने उडी टाकून तो नाहीसा झाला. बातमी सर्वत्र सविस्तर छापली गेली, आणि पुढच्याच वर्षी तोच डाव आणखी डझनभराहून अधिक लोकांनी खेळून पाहिला. लोभ त्यांच्यापाशी आधीच होता. युक्ती बातमीने दिली. आपल्याकडे तिजोरी कशी फोडली, कोणते विष वापरले, ते कोठून आणले, हे जेव्हा सकाळच्या चहाबरोबर छापून येते, तेव्हा वार्ताहराने वाचकाची कोणती गरज भागविली, हे मला कधीच उमगलेले नाही.

पण श्रोतेहो, आतापर्यंत मी गाणी, लेख, नाटके, चित्रपट यांच्याविषयीच बोललो. गुन्ह्याचे चित्रण करणारे आणखी एक वाङ्मय आहे, आणि परिणामाच्या दृष्टीने पाहता त्याच्याशी तुलना करता येईल असे दुसरे मला दिसत नाही. टिळकांना जे कलम लागले ते १०८. त्याच प्रकरणात दोनच पायऱ्या पुढे कलम ११० होते. ते सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचे. आणि सराईत कोण, हे ठरविण्यासाठी पोलिसांच्या हाती एक पुस्तक होते. मायकेल केनेडी या पोलिस अधिकाऱ्याने १९०८ साली मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार जातीं'वर ते लिहिले. त्यात बेरड, कैकाडी, फासेपारधी, मांगगारुडी, घंटीचोर, छप्परबंद, रामोशी, भामटे अशी प्रकरणेच पाडलेली आहेत. कोण कोठे राहतो, पेहराव कसा, सांकेतिक बोली कोणती, चोरीची हत्यारे कोणती, मुद्देमाल कोठे लपवितात. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जनावरांची वर्णने असावीत तशी ही माणसांची वर्णने आहेत. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्येही जातीजातींच्या स्वभावाचे असेच दाखले सापडतात.

हे पुस्तक कपाटात पडून राहिले असते तर त्याचा उल्लेख करावयाचे कारण नव्हते. उत्तर हिंदुस्थानात १८७१ पासून असलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. सरकारने एखाद्या जमातीची अधिसूचना काढली की तीतील माणसांनी नाव नोंदवावयाचे, बोटांचे ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. टिळकांना हायकोर्टात दाद मागता आली. या लोकांना ती वाट नव्हती, कारण अधिसूचना योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकारच कायद्याने न्यायालयास ठेवला नव्हता. कीचकवधाचा प्रयोग पाहून किती माणसे खुनी झाली याचा हिशेब कोणी देऊ शकणार नाही. पण या पुस्तकी चित्रणामुळे किती माणसे गुन्हेगार झाली याचा हिशेब सरकारच्याच हजेरीबुकात होता. जन्मलेले मूल गुन्हेगार म्हणून जन्माला येत होते. आणि ज्याला रोज चोर म्हणून हजेरी द्यावी लागते, ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही, त्याने अखेर चोरी केली तर पुस्तक खरे ठरले म्हणून पुन्हा समाधान !

या पुस्तकाला आपल्या भाषेत उत्तर मिळाले ते १९५९ साली. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिचा नायक मांग आहे, दुष्काळात उपाशी माणसांसाठी तो लूट करतो, आणि इंग्रज सरकारच्या लेखी तो गुन्हेगार आहे. पोलिसांच्या पुस्तकात जे प्रकरण होते तेच अण्णा भाऊंनी आतून लिहिले. लुटीचे असे उघड गौरवगान करणाऱ्या या कादंबरीला राज्याचा पुरस्कार मिळाला, आणि ती वाचून महाराष्ट्रात दरोडे वाढले असे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुस्तकातील भाषा मात्र रद्द करण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नव्हती. ती वृत्तपत्रांच्या कचेरीत राहावयास गेली. आजही चोरीच्या बातमीत आरोपी एखाद्या सधन जातीचा असला तर त्याचे गाव, वय, शिक्षण येते; पारधी वा कैकाडी असला तर बातमीचा मथळाच जातीने सुरू होतो आणि पुढे 'टोळी' हा शब्द येतो. दोघे भाऊ एकत्र सापडले तरी टोळी. बातमी लिहिणाऱ्या मुलाने केनेडीचे नावही ऐकलेले नसते. पोलिस ठाण्यातून आलेले पत्रक त्याने जसेच्या तसे उतरविलेले असते. त्या बातमीनंतर गावाबाहेरच्या पालांवर रात्री दगड पडतात तेव्हा गुन्ह्याच्या चित्रणाचा परिणाम घडलेलाच असतो. तो आपण चुकीच्या ठिकाणी शोधीत असतो म्हणून आपल्याला दिसत नाही.

बातमी हे उलटही करू शकते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतील कामाची वाटणी जातीवरून कशी होते याविषयी लिहिले, आणि त्या लेखनातून त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचा निकाल लागला. विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंगनियमांतील तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.